चार आण्याचं मशीन, बारा आण्याचं घर

पहिलं कोटेशन १००, दुसरं १७१, तिसरं १४६. हे पैशांचे आकडे नाहीत. सगळ्यात स्वस्त कोटेशनला शंभर धरून बाकीची त्या हिशेबात मांडली आहेत, कारण खरी रक्कम गावागणिक बदलते आणि वर्षभरात शिळी होते. एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र बऱ्यापैकी टिकतं. घर एकच होतं आणि तिघांनाही मी तेच सांगितलं होतं: घर गरम-थंड करणारी जुनी सिस्टीम काढून नवी बसवायची आहे. तरीही स्वस्त आणि महाग यांच्यात पावणेदोन पटींचा फरक. नवरा म्हणाला, "मधलं घे आणि मोकळी हो." काम शेवटी मधल्याच कंपनीला गेलं, पण ते मधलं होतं म्हणून नाही.

आधी सिस्टीम काय होती ते सांगते. खाली कोठीच्या खोलीत गॅसवर चालणारी फर्नेस, तिच्या डोक्यावर थंडाव्याची कॉइल, बाहेर अंगणात कॉम्प्रेसरचा डबा, आणि माळ्यावरून सगळ्या खोल्यांत हवा नेणारे पत्र्याचे डक्ट. हिवाळ्यात फर्नेस हवा तापवते, उन्हाळ्यात कॉइल ती थंड करते, आणि दोन्ही वेळा ढकलणारा ब्लोअर एकच, फर्नेसच्या पोटातला. म्हणजे म्हणायला दोन यंत्रं, पण संसार एकत्र. वयही एकच. अशा फर्नेसचं आयुष्य साधारण १५ ते २० वर्षं आणि बाहेरच्या डब्याचं १० ते १५ धरतात. आमची जोडी त्या हिशेबात निवृत्तीला आली होती.

तरी वय झालं म्हणून बदलायला मी तयार नव्हते, आणि त्याला कारण होतं. काही उन्हाळ्यांपूर्वी बाहेरचा डबा नुसता गुणगुणायचा, पंखा फिरायचा नाही. एक गृहस्थ आले, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "कॉम्प्रेसर गेला, नवी सिस्टीमच घ्या." दुसऱ्याला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, मीटर लावलं आणि डब्यासारखा एक छोटा भाग काढून दाखवला. त्याचं वरचं टोक फुगलं होतं. तो कॅपॅसिटर, मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा. नव्या सिस्टीमच्या मानाने त्याची किंमत चिल्लर. तो बदलला आणि त्यानंतर डबा चांगला चालला. तेव्हापासून "गेलं" म्हणणाऱ्याला मी "काय गेलं, मोजून दाखवा" असं विचारते. माणूस नाराज झाला तरी चालतं.

या वेळी मात्र मोजून दाखवलं तेच वाईट निघालं. आतल्या कॉइलमधून गॅस गळत होता, जळणाचा नव्हे, थंडावा देणारा. एका ठिकाणी नाही, तांब्याच्या नळीला बारीक बारीक छिद्रं पडली होती. अशी गळती झाळून बुजवता येत नाही, कॉइलच बदलावी लागते. आणि आतला गॅस आर-२२. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला. त्यानुसार विकसित देशांत आर-२२चं उत्पादन आणि आयात २०२०पर्यंत जवळजवळ संपली, विकसनशील देशांना २०३०ची मुदत आहे. उत्पादन थांबलं की जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला गॅस तेवढा उरतो, आणि त्याचा भाव मागेल तसा. आदल्या उन्हाळ्यात आम्ही गॅस भरून घेतला होता. तो हवेत उडून गेला होता, त्याच्या बिलासकट.

मग नवा गॅस जुन्या मशीनमध्ये का नाही भरायचा? हा प्रश्न मी विचारला आणि उत्तर पटलं. आर-२२च्या जागी आलेला आर-४१०ए जवळजवळ दीडपट दाबाने चालतो. जुना कॉम्प्रेसर आणि कॉइल तेवढ्या दाबासाठी बनलेलीच नाहीत. शिवाय कॉम्प्रेसरमधलं तेलही वेगळं. आर-२२ला खनिज तेल चालतं, नव्या गॅसला कृत्रिम तेल लागतं, आणि दोघांचं जमत नाही. जुन्या यंत्रात घालता येतील असे पर्यायी गॅस मिळतात, पण गळक्या कॉइलमध्ये कुठलाही गॅस भरला तरी तो गळणारच. एकटी कॉइल बदलली तर ती जुन्या गॅसची घ्यावी लागणार. मरणाऱ्या डब्याला नवी कॉइल, म्हणजे खर्च निम्मा आणि आयुष्य पावभर. बदलायचं ठरलं.

पहिले आले ते थेट बाहेरच्या डब्यापाशी गेले, वाकून त्याची पाटी वाचली आणि म्हणाले, "चार टन आहे, चार टनच टाकू." घरात पाच मिनिटं. दुसरे टाय लावून आले होते, टॅबवर चित्रं होती. त्यांनी घराचं क्षेत्रफळ विचारलं, एका आकड्याने भागलं आणि "साडेचार टन घ्या, उन्हाळा वाढतच चाललाय" असा सल्ला दिला. तिसऱ्या कंपनीकडून एक तरुण मुलगी आली. पाठीवर पिशवी, हातात लेझरचं मोजमाप. तिने पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडक्या मोजू लागली.

प्रत्येक खिडकी. कोणत्या दिशेला, काच एकेरी की दुहेरी, वर छज्जा किती पुढे. मग माळ्यावर चढून इन्सुलेशनची जाडी पाहिली. घरात माणसं किती, कोण कुठल्या खोलीत दिवसभर बसतं, स्वयंपाकघर बंद की उघडं. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो, हे मला तेव्हा कळलं. सासरे मागोमाग फिरत होते. त्यांनी विचारलं, "हे सगळं कशाला, जुनं चालतच होतं की?" ती म्हणाली, "आजोबा, जुनं बसवलं तेव्हा या खिडक्या होत्या का?"

नव्हत्या. मधल्या काळात आम्ही सगळ्या खिडक्या दुहेरी काचेच्या केल्या होत्या आणि माळ्यावर इन्सुलेशनचा नवा थर टाकला होता. घर बदललं होतं, पाटीवरचा आकडा बदलला नव्हता. तिच्या हिशेबात उन्हाळ्याचा भार आला २.७ टन. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एक माप), साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. म्हणजे घराला साडेनऊ किलोवॉट लागतात आणि आम्ही चौदा किलोवॉटचं यंत्र चालवत होतो. दुसऱ्या गृहस्थांना तेही कमी वाटत होतं!

आपल्याला वाटतं, थोडं मोठं घेतलं तर बिघडलं कुठे? राखीव राहील. थंडाव्याच्या बाबतीत हे उलटं आहे, आणि ते मला घरातच दिसलं. जुनं यंत्र भर दुपारीसुद्धा आठ-नऊ मिनिटं चालायचं, थर्मोस्टॅटचा आकडा गाठायचं आणि बंद व्हायचं. थोड्या वेळाने पुन्हा धडधड. हवा थंड लागायची, पण चादर ओलसर आणि अंग चिकट. हवेतलं पाणी काढायचं तर कॉइल थंड होऊन तिच्यावर दव साचून ते नळीतून वाहू लागावं लागतं, आणि त्यालाच काही मिनिटं जातात. पाणी ठिबकायला लागतं न लागतं तोच यंत्र बंद, आणि कॉइलवर उरलेलं पाणी परत हवेत. वर प्रत्येक वेळी सुरू होताना कॉम्प्रेसरची झीज सगळ्यात जास्त. योग्य मापाचं यंत्र कडक उन्हाच्या दिवशी जवळजवळ सलग चालतं. लोक तेव्हा तक्रार करतात की बंदच होत नाही, पण ते तसंच असायला हवं.

या मापाचाही एक बारकावा आहे. हिशेब वर्षातल्या सर्वांत उष्ण दिवसासाठी करत नाहीत. वर्षातल्या जेमतेम एक टक्का तासांत ओलांडलं जातं असं तापमान धरतात. त्या थोड्या तासांत घर एखाद-दुसऱ्या अंशाने गरम राहिलं तर राहू द्यायचं. त्या एक टक्क्यासाठी वर्षभर मोठं यंत्र पोसायचं नाही. तिने ३ टन सुचवलं, तेही कमी-जास्त वेगाने चालणारं इन्व्हर्टरचं.

आता डक्ट. खरा मसाला इथे आहे.

तिने फर्नेसच्या वर आणि खाली पत्र्याला पेन्सिल जाईल एवढी दोन भोकं पाडली, त्यांत नळ्या घातल्या आणि हातातल्या, हवेचा दाब मोजणाऱ्या छोट्या मीटरकडे बघत राहिली. ब्लोअर चालू होता. आकडा २२५ पास्कलवर थांबला. मग तिने फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूची पाटी मला वाचायला लावली: कमाल १२५ पास्कल. म्हणजे इतकी वर्षं ब्लोअर झेपेल त्याच्या पावणेदोन पट दाबाविरुद्ध हवा ढकलत होता. जाळीतून येणारा तो शिट्टीसारखा आवाज, वरच्या खोलीत न पोचणारी हवा, वाजवीपेक्षा जास्त गार पडून कधीकधी बर्फ धरणारी कॉइल, सगळ्याचं मूळ त्या आकड्यात होतं. घरातली हवा परत फर्नेसकडे नेणारा डक्ट एकच, आणि तोही अरुंद. चार टनाला मिनिटाला साधारण १,६०० घनफूट हवा लागते, टनामागे ४००. एवढी हवा त्या एका तोंडातून आत येत नव्हती.

पहिल्या दोघांनी हे मोजलं नव्हतं. मोजलं असतं तर साडेचार टनाचं यंत्र या डक्टवर लावायची भाषा झाली नसती, किंवा सगळे डक्ट बदलायचा खर्च कोटेशनात आला असता. आणि इथेच छोट्या मापाने पैसे वाचवले. डक्टमधला दाब हवेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चारऐवजी तीन टन म्हणजे हवा पाऊणपट, आणि पाऊणाचा वर्ग निम्म्याच्या जरा वर. तिने कागदावर गुणाकार करून दाखवला: २२५चे १२७. काही न तोडता आकडा मर्यादेच्या काठावर आला. मग काम उरलं ते परतीचा आणखी एक डक्ट टाकण्याचं आणि माळ्यावरचे सांधे बुजवण्याचं. साध्या घरांत डक्टमधल्या हवेची २० ते ३० टक्के गळती असते असं अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाची माहिती सांगते. आमच्याकडे तिने धुराची कांडी सांध्यांजवळ धरली तेव्हा एका ठिकाणी धूर सरळ बाजूला पळाला. तिथला डक्ट चक्क निसटला होता. माळा थंड करायचे पैसे आम्ही किती वर्षं भरत होतो, ते न मोजलेलंच बरं.

एवढं कळल्यावर मी पहिल्या दोन कोटेशनांकडे परत वळले आणि तिघांना एकच यादी पाठवली. हे काम कंटाळवाणं आहे, पण खर्चाचा निकाल यातच लागला. जुनं सामान कोण नेणार? जुना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेणार का? अनेक देशांत तो सोडणं बेकायदा आहे. आतून बाहेर जाणारी तांब्याची नळी जुनीच वापरणार की नवी? थर्मोस्टॅट, बाहेरचा विजेचा स्विच, ब्रेकर, पाण्याची निचरा नळी, परवाना आणि तपासणी, हे कोणाच्या खात्यात? सुरू केल्यावर मोजमापं कागदावर देणार का?

शंभरचं कोटेशन भराभर फुगलं. जुन्या नळीवरच काम भागवायचं ठरलं होतं, नवी हवी तर वेगळे पैसे. थर्मोस्टॅट वेगळा, विजेचं काम "तुमचा माणूस करेल", परवान्याचा उल्लेखच नाही. सगळं धरून ते १२८वर गेलं, आणि डक्टला अजून हात लागलेला नव्हता. म्हणजे १०० आणि १४६ हा फरक नुसता दिसण्यापुरता होता. दोन्हीकडे एकच काम घातल्यावर अंतर थोडंसं उरलं आणि ते डक्टचं निघालं.

१७१वाल्यांचं निराळं. त्यांच्या कागदावर एकूण रक्कम बारीक अक्षरात आणि महिन्याचा हप्ता ठळक. बिनव्याजी, म्हणे. मी विचारलं, "हप्ता नको, एकरकमी दिले तर?" जागच्या जागी आकडा १५७वर आला. कर्ज देणाऱ्याचं कमिशन आधीच किमतीत बसवलेलं होतं आणि रोख देणाऱ्याकडूनही तेच घेतलं जाणार होतं, विचारलं नाही तर. हप्ता घेणं वाईट असं मी म्हणत नाही. ऐन उन्हाळ्यात यंत्र मोडलं की अनेकांना दुसरा रस्ता नसतो. फक्त दोन्ही किमती शेजारी मागाव्यात. याच गृहस्थांनी फर्नेसच्या उष्णता-विनिमयक भागाला (ज्याच्या आत ज्वाळा आणि धूर, बाहेरून घरातली हवा) तडा आहे, कार्बन मोनॉक्साइड घरात येईल, आजच सही करा, असंही सांगितलं होतं. तडा हा खरा धोका आहे, थट्टेचा विषय नाही. म्हणून मी फोटो मागितला. फोटो आला नाही. तिसऱ्या कंपनीच्या मुलीने आत कॅमेरा घालून पडद्यावर सगळं फिरवून दाखवलं. गंज होता, तडा नव्हता. कार्बन मोनॉक्साइडचा गजर मात्र घरात लावून घेतला. तो तसाही हवाच.

फर्नेस धड होती, तर ती ठेवायची का? यावर घरात बराच काथ्याकूट झाला. ठेवली असती तर आत्ता पैसे वाचले असते. पण कॉइल तिच्या डोक्यावर बसते. चार-पाच वर्षांनी फर्नेस गेली की कॉइल उचला, पत्रा कापा, नळी सोडा, गॅस काढा, परत भरा, सगळी मजुरी दुसऱ्यांदा. शिवाय जुना ब्लोअर एकाच वेगाचा, इन्व्हर्टरचं यंत्र त्याच्यावर अर्धवट चाललं असतं. ती गेली.

मग कोणती घ्यायची, आणि थंडाव्याचं साधं यंत्र की हीट पंप? हीट पंप म्हणजे तोच डबा, फक्त आत गॅसची दिशा उलटी-सुलटी करणारी एक झडप. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची आत आणतो. तो उष्णता तयार करत नाही, वाहून आणतो. म्हणून विजेच्या एका युनिटमागे उष्णतेची तीन-चार युनिटं मिळतात. बाहेर थंडी वाढली की हे प्रमाण उतरतं. आमच्या बिलांवरून काढलं तर सारख्या ऊर्जेला वीज गॅसच्या ३.४ पट महाग होती. ९५ टक्के कार्यक्षम फर्नेसमध्ये उष्णतेच्या एका युनिटाला गॅसचं १.०५ युनिट लागतं. तीन पटीने चालणाऱ्या हीट पंपाला गॅसच्या भावात १.१३ पडतं. म्हणजे उत्तम फर्नेसपुढे हीट पंप किंचित महाग. पण ८० टक्क्यांच्या साध्या फर्नेसशी तुलना केली तर तिला १.२५ लागतं, आणि हीट पंप स्वस्त. वीज-गॅसचं प्रमाण जिथे दोनाला टेकलंय तिथे प्रश्नच मिटतो, जिथे पाच आहे तिथे उलट्या बाजूने मिटतो. स्वतःची दोन बिलं समोर ठेवून ही भागाकाराची दोन ओळींची आकडेमोड करता येते, आणि कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा ती खरी.

तिसऱ्या कोटेशनात ९५ टक्क्यांची फर्नेस होती. वाटलं, घ्यायची तर चांगलीच घ्यावी. पण तिच्या मागे एक शेपूट होतं. एवढी कार्यक्षम फर्नेस धुरातलं पाणीसुद्धा थंड करून त्याची उष्णता काढून घेते. तिचा धूर इतका गार असतो की तो जुन्या धुराड्यातून वर चढत नाही. त्याला प्लॅस्टिकची वेगळी नळी आणि आम्लयुक्त पाण्यासाठी वेगळा निचरा लागतो. आणि आमचा पाणी तापवायचा गॅसचा हीटर त्याच धुराड्यात सोडलेला. फर्नेस तिथून निघाली की एवढ्या रुंद धुराड्यात तो एकटा पडणार, त्याचा धूर वर जायच्या आधीच गार होऊन आत ओल धरणार, कदाचित मागेही फिरणार. म्हणजे धुराड्यात आतून कमी व्यासाची नळी बसवणं आलं. तोही खर्च कोटेशनात होता. बरोबर होता, पण जड होता.

तेव्हा असं ठरलं: साध्या यंत्राऐवजी त्याच मापाचा हीट पंप, त्याने खर्च १२ने वाढला. आणि ९५ऐवजी ८० टक्क्यांची फर्नेस, धुराड्याला हात नाही, त्याने १५ने कमी झाला. सौम्य थंडीत हीट पंप, कडक थंडीत फर्नेस. वर्षातले मोजकेच दिवस चालणाऱ्या फर्नेसमध्ये कार्यक्षमतेचे पैसे घालून ते वसूल कधी होणार? सगळंच विजेवर न्यावं हाही विचार होता. पण मग कडाक्याच्या थंडीसाठी विजेच्या तापपट्ट्या लागणार, त्या एकाला एकच उष्णता देतात, आणि त्यांच्यासाठी घराचा मुख्य विजेचा पॅनेल वाढवावा लागणार होता. ज्यांचा पॅनेल आधीच मोठा आहे त्यांचं उत्तर वेगळं येईल. करार १४३ला झाला.

त्या १४३चे तुकडे मी मागून घेतले. बाहेरचा डबा, कॉइल, फर्नेस आणि थर्मोस्टॅट मिळून ५८. मजुरी ४१. डक्ट आणि परतीची नवी वाट २४. नळी, वीज आणि निचरा १३. परवाना, जुनं सामान आणि गॅस काढून घेणं ७. म्हणजे ज्याच्यासाठी आपण नावं वाचत, तारे मोजत, लोकांना विचारत बसतो ते मशीन शंभरातलं जेमतेम ४१. तरी तिघांपैकी दोघांच्या तोंडी पूर्ण वेळ मशीनचंच कौतुक होतं.

बसवण्याच्या कामाचं सगळं सांगत नाही, एक सांगते. नवी नळी जोडताना आतून नायट्रोजन सोडत झाळकाम करायचं असतं, नाहीतर आतल्या बाजूला काळी खपली धरते आणि पुढे बारीक वाटा अडतात. मग नायट्रोजननेच दाबून गळती पाहायची. त्यानंतर पंप लावून नळीतली सगळी हवा आणि ओल खेचून घ्यायची. हा दाब मायक्रॉनमध्ये मोजतात; बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, तो ५००च्या खाली आणायचा. मिस्त्रीच्या शेजारी मी खुर्ची टाकून बसले होते. आकडा सुरुवातीला धडाधड पडला, दोन हजारांपाशी रेंगाळला, मग आठशे, सहाशे, चारशे दहा. मिस्त्रीने झडप बंद केली आणि पंप थांबवला. आकडा चारशे साठपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. "चढत राहिला असता तर कुठेतरी गळती किंवा ओल," तो म्हणाला. पंप दहा मिनिटं लावून काढणारेही असतात. यंत्र त्या दिवशी चालतं. पाचव्या-सहाव्या वर्षी कॉम्प्रेसर बसतो तेव्हा त्या दहा मिनिटांची आठवण कोणाला?

नवा गॅस आर-३२. तापमानवाढीची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट धरतात, आर-४१०एची २,०८८ पट. माँट्रियल करारात २०१६ साली झालेल्या किगाली दुरुस्तीनंतर जग अशा कमी ताकदीच्या गॅसांकडे वळतंय. तो किंचित ज्वलनशील असल्याने आत गळतीचा सेन्सर आला. घाबरण्यासारखं नाही, पण विचारून ठेवलेलं बरं.

वरखर्च झालाच. बाहेरच्या डब्याखालचा चौथरा खचला होता, ब्रेकर नव्या यंत्राच्या पाटीपेक्षा मोठा होता म्हणून लहान घालावा लागला, आणि माळ्यावर डक्टचा एक तुकडा हातात घेताच मोडला. एकूण १४९. रकमेच्या दहा टक्के मी बाजूला काढून ठेवले होते, त्यातले निम्मेसुद्धा लागले नाहीत. शेवटचा हप्ता मोजमापं हातात आल्यावर दिला: डक्टचा दाब ११० पास्कल, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान, गॅसचं वजन. वॉरंटीसाठी यंत्राचा नंबर ठरलेल्या मुदतीत कंपनीकडे नोंदवावा लागतो, नाहीतर बऱ्याचदा मुदत कमी होते. ते "आम्ही करू" म्हणाले होते, मी स्वतः केलं. आणि वॉरंटी भागांची असते. भाग फुकट मिळाला तरी तो बसवायची मजुरी आपल्यालाच भरावी लागते, वेगळा करार नसेल तर.

पहिल्या थंडीत एका सकाळी सासऱ्यांनी हाक मारली, "अगं, बाहेरच्या मशीनमधून धूर निघतोय!" वाफ होती. थंडीत बाहेरच्या कॉइलवर दहिवर गोठतं, ते वितळवायला पंप काही मिनिटं उलटा फिरतो. कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहिलं.

उन्हाळ्यात यंत्र तासन्‌तास मंद चालतं, आवाज जवळजवळ नाही, आणि चादरी कोरड्या. वरची खोली दुपारी तीननंतर अजूनही एखाद अंश गरम राहते. त्या मुलीने हे आधीच लिहून दिलं होतं: पश्चिमेची मोठी खिडकी, बाहेरून सावली करा, मशीन वाढवू नका. सावलीचं कोटेशन मागवलंय. पहिला माणूस येऊन गेला. त्याने खिडकी मोजली नाही.